कुणाला काही शंका?

मंडळी, आजचा विषय वाचून आमच्या घरातली तरुण मंडळी हसणार, हे मला ठाऊक आहे. "काका आता सॉफ्टवेअरवर लिहायला लागले!" हसा बापडे. पण विषय सॉफ्टवेअरचा वाटला तरी खरं तर तो माझ्याच धंद्याचा आहे, मास्तरकीचा. कसा ते सांगतो.

मी ३४ वर्षं शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला माझी एक सवय होती. धडा संपला की पुस्तक मिटायचो आणि विचारायचो, "कुणाला काही शंका?" वर्ग चिडीचूप. मला वाटायचं, वा, सगळ्यांना समजलं! मग पेपर तपासायला घेतले की डोक्याला हात लावायची वेळ. एकदा आमच्या जुन्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "अहो, ज्याला समजलं नाही, त्याला आपल्याला काय समजलं नाही हेच माहीत नसतं. तो शंका कशी विचारणार? खुर्ची सोडा आणि बाकांमधून फिरा."

त्या दिवसापासून मी फिरायला लागलो. पोरगं गणित करताना कुठे अडलंय, हे त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं की कळतं. त्याला प्रश्न विचारावा लागत नाही. त्याची पेन्सिल जिथे थांबलीय, तिथे आपण बोट ठेवायचं, "हातचा विसरलास बघ." संपलं. तीन शब्दांत काम होतं. तेच फळ्यावरून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता आणि पोराला तरीही कळलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारची एक मुलगी बारावी पास होऊन पुढच्या कॉलेजात गेली. घरची परिस्थिती बेताची, आई रोजानं सोयाबीन काढायला, खुरपायला जाते. शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. कुठल्या संकेतस्थळावर, ते इथे सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण कमीअधिक फरकानं सगळीकडे तेच आहे. संध्याकाळी माय-लेकी आमच्याकडे आल्या. आई म्हणाली, "गुरुजी, तेवढं बघा की, पोरीला काही उमजंना झालंय."

मी चष्मा लावून बसलो. मुलीनं मोबाईलवर एकेक रकाना भरला. नाव झालं, जात झाली, बँक झाली. मग एक रकाना आला, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक. तिनं दाखला माझ्यापुढे ठेवला. त्यावर एक क्रमांक बारकोडपाशी होता, आणखी एक दुसऱ्या जागी. तिनं विचारलं, "सर, यातला कोणता?"

मी पडद्यावर शोधलं. रकान्याच्या शेजारी काही लिहिलेलं नाही. खाली नाही, वर नाही. मास्तरला "माहीत नाही" म्हणायला जड जातं, हा आमच्या जातीचाच दोष. मी ठासून सांगितलं, "हा घाल."

तो चुकीचा निघाला.

दोन-अडीच महिन्यांनी फॉर्म परत आला. शेरा एका ओळीचा, कागदपत्र अवैध. काय अवैध, कसं दुरुस्त करायचं, काही नाही. माय-लेकी धावपळ करेपर्यंत मुदत संपली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. घरात दोन शेळ्या होत्या, त्या विकून फी भरली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. आई तर म्हणाली, "तुमी काय कराव गुरुजी, नशिबाचा भाग." पण चूक नशिबाची नव्हती. ३४ वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणाऱ्या माणसाची होती. ती रेघ आजही मला दिसते.

त्या दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला होता. तो संगणकातला माणूस, कंपनीत संकेतस्थळंच तयार करतो. त्याला सगळं सांगितलं. त्यानं मोबाईलवर ते संकेतस्थळ उघडलं, पहिल्या पानाच्या अगदी तळाशी गेला आणि म्हणाला, "काका, मदत होती की. ही बघा पीडीएफ." उघडून बघतो तर जाडजूड पुस्तक, तेही इंग्रजीत. आमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात खरोखरच होतं, मध्यावर कुठेतरी, छोट्या अक्षरात. बारकोडचा क्रमांक घाला म्हणून.

मी म्हणालो, "अरे, विहिरीत पडलेल्या माणसाला दोर पाहिजे. तो कोठीघरात टांगून ठेवलाय, याचा त्याला काय उपयोग?"

पुतण्या हसला, पण विषय त्याला लागला. दोन-तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. त्याची कंपनी एका पतसंस्थेसाठी कर्जाच्या अर्जाचं संकेतस्थळ करत होती आणि त्यात प्रत्येक रकान्याची मदत मराठीत लिहून हवी होती. "काका, लिहिता का?" म्हणाला. मी होकार दिला. प्रायश्चित्त म्हणा हवं तर!

या कामात जे शिकलो ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे आतून कसं चालतं हे माहीत नसतं. मलाही नव्हतं. प्रोग्राममध्ये प्रत्येक रकान्याला स्वतःचं एक नाव असतं, शाळेत हजेरीपटावर प्रत्येक पोराला क्रमांक असतो तसं. त्या नावाला मदतीचं एक छोटं पान जोडून ठेवायचं. माणसानं रकान्याशेजारच्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं की संगणक पाहतो, हा कुठल्या पडद्यावर आहे, कुठल्या रकान्यात आहे, आणि तेवढंच पान उघडतो. म्हणजे मास्तर बाकाशी आला! मदतीचा मजकूर प्रोग्रामपासून वेगळा ठेवायचा, म्हणजे एक वाक्य बदलायला सगळा प्रोग्राम उघडावा लागत नाही. एखाद्या रकान्याचं पान लिहायचं राहिलं असेल तर कोरी खिडकी दाखवायची नाही, निदान त्या पडद्याची सर्वसाधारण माहिती यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मदत उघडताना तोवर भरलेला मजकूर पुसला जाता कामा नये. नाहीतर माणूस एकदा फसतो आणि पुन्हा त्या प्रश्नचिन्हाला हात लावत नाही.

आणखी एक गोष्ट. मोठ्या शहरातली मुलं संगणकावर बसून हे सगळं करतात. त्यांनी अशी मदत केली होती की माउसचा बाण रकान्यावर नेला की पिवळी पट्टी उघडते. मी विचारलं, "बाबा, आमच्या जळकोटात फॉर्म भरतात मोबाईलवर. बोटाला बाण कुठून आणायचा?" पुतण्या क्षणभर गप्प झाला. मग प्रश्नचिन्ह आलं, बोटानं दाबता येईल एवढं मोठं.

लिहायला बसलो तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या हातून काय उतरलं असेल? "सदर रकान्यामध्ये अर्जदाराने आपला खाते क्रमांक अचूकपणे नमूद करावा." वाचून मलाच हसू आलं. रकान्यावर लिहिलंय खाते क्रमांक आणि मदत सांगते खाते क्रमांक लिहा! विचारणाऱ्याला हेच तर कळत नव्हतं की कोणतं खातं. कारण शेतकऱ्याकडे खाती दोन. एक बँकेचं आणि दुसरं जमिनीचं, आठ-अ वरचं. शिवाय सातबाऱ्यावर गट क्रमांक, तो तिसराच. शेवटी लिहिलं ते असं, "इथे बँकेचं खातं नको. आठ-अ च्या उताऱ्यावर जमिनीचा खाते क्रमांक असतो, तो लिहा. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक इथे लिहू नका." आणि खाली उताऱ्याचा छोटा फोटो, त्यावर योग्य जागी लाल गोल. व्हिडिओ नको म्हणालो. आमच्याकडे रेंज कधी असते कधी नसते, गोल फिरत बसलेलं चाक पाहून माणूस अर्ज सोडून देतो.

लिहून झालं की घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचायला द्यायचो. दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत. ज्याच्या कपाळावर आठी पडली, ते वाक्य खोडायचं. एवढी एकच कसोटी.

आता यावर आक्षेप काय घेतात तेही सांगतो. सगळे पुतण्याच्याच तोंडून ऐकले आहेत.

पहिला आक्षेप, लोक मदत वाचतच नाहीत. खरं आहे. पण कुठली मदत वाचत नाहीत? पुस्तकाएवढी. अडलेला माणूस दोन ओळी नक्की वाचतो, त्या त्याच जागी असल्या तर. याची साक्ष आपण ब्लॉगवालेच आहोत की! आठवा, सुरुवातीला जालावर मराठी लिहायला शिकलो तेव्हा लिहायच्या चौकटीशेजारीच तक्ता असायचा, कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर उमटतं. 'ज्ञ' कसा काढायचा, 'ऱ्य' कसा जोडायचा. आपल्यापैकी कुणी टंकलेखनाचं पुस्तक वाचलं होतं? कुणीच नाही. डोळा तक्त्यावर, बोट कळीवर, असं करत करत आपण लिहिते झालो. तो तक्ता दुसऱ्या पानावर असता तर माझ्यासारखे कितीतरी म्हातारे 'ज्ञ'पाशीच अडून बसले असते आणि हा ब्लॉगही झाला नसता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मदत लागते याचा अर्थ फॉर्मच वाईट आहे, मग मदत लिहिण्यापेक्षा फॉर्मच सुधारा ना? मला हे शंभर टक्के मान्य. परीक्षेत सगळ्या वर्गाचा चौथा प्रश्न चुकला तर दोष वर्गाचा नाही, प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा. पण कुठला प्रश्न चुकतोय, हे कळणार कसं? कोणत्या रकान्यापाशी किती लोकांनी प्रश्नचिन्ह दाबलं, हे संगणक मोजू शकतो. त्या पतसंस्थेच्या अर्जात खाते क्रमांकाचं प्रश्नचिन्ह सगळ्यात जास्त दाबलं जायचं. मग रकान्याचं नावच बदललं, 'आठ-अ वरील जमिनीचा खाते क्रमांक'. दाबणं एकदम कमी झालं. म्हणजे मदत ही फॉर्म सुधारण्याची पळवाट नाही, वाट आहे.

तिसरा आक्षेप आजचा. आता कोपऱ्यात बोलका यंत्रमानव बसवतात. तो नम्रपणे विचारतो, "मी आपली काय मदत करू?" त्याला काहीही विचारा, उत्तर देतो. मग रकान्यागणिक पानं कशाला लिहायची? मंडळी, मला हा यंत्रमानव पाहिला की माझा तरुणपणीचा मीच आठवतो. "कुणाला काही शंका?" अडलेल्याला शंका मांडता येत नाही, हे सांगायला तो जुना मुख्याध्यापक त्याला भेटलेला नाही. ज्या मुलीला दोन क्रमांकांपैकी कोणता हे कळत नाही, ती निदान विचारू तरी शकते. पण जिला दुसराही क्रमांक आहे हेच दिसलं नाही, ती काय विचारणार? तिच्यासाठी चौकटीशेजारी न विचारताच उत्तर हवं. यंत्रमानव ठेवा, माझी हरकत नाही, पण त्यालाही ती पोर कुठल्या रकान्यात अडलीय ते आधी कळू द्या.

उलट टोकही वाईटच. तुमच्यापैकी जुन्या लोकांना मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप आठवत असेल. आपण पत्र लिहायला घेतलं की मध्येच उगवायची, पत्र लिहिताय का, मदत करू का? लोक इतके वैतागले की २००१ च्या आवृत्तीत ती आपोआप यायची बंद केली आणि २००७ मध्ये काढूनच टाकली. डोक्यावर उभा राहणारा मास्तरही पोरांना नको असतो. बाकाशी यावं, बोट ठेवावं आणि पुढे जावं.

हे काही माझंच डोकं नाही बरं का. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनं मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. त्यांच्या २००८ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की माणूस जे काम करतोय त्याला धरून, त्याच जागी मदत मिळाली पाहिजे. पण गंमत बघा. या सूचनांच्या तीन पायऱ्या आहेत, आणि ही सूचना ठेवलीय सगळ्यात वरच्या पायरीवर. या सूचना पाळणारी संकेतस्थळंही बहुधा खालच्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. पुढे २०२३ च्या आवृत्तीत पहिल्याच पायरीवर मदतीचा एक नियम आला, पण तो एवढाच, की मदतीची सोय अनेक पानांवर असेल तर ती प्रत्येक पानावर ठरलेल्या जागीच असावी. म्हणजे दोर कुठे टांगायचा ते ठरलं. दोर विहिरीपाशी असलाच पाहिजे, हे अजून वरच्याच पायरीवर! माझं मत विचाराल तर जिथे माणसाचं रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती अडकलेली असते, तिथे ही पायरी ऐच्छिक ठेवता कामा नये.

आणि आता जे खरं बोलायचं होतं ते. आमच्या भागात निजामाचं राज्य होतं. सरकारी कारभार उर्दूत. वडील सांगायचे, कचेरीत कागद द्यायचा तर अर्जनवीस गाठावा लागे. तो लिहील ते खरं, तो सांगेल ते पैसे. आपल्याच जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय हे माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. १९४८ साली ते राज्य गेलं, पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, कारभार मराठीत आला. वडिलांना त्याचं केवढं अप्रूप! सातबारा स्वतः वाचायचे, पुन्हा पुन्हा वाचायचे. आज सातबारा मोबाईलवर दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं आपला पीकपेरा आपणच नोंदवायचा. विचार किती चांगला आहे! पण रकान्यापाशी अडलं की माणूस पुन्हा उठतो आणि ऑनलाइन सेंटरवर जातो. सेंटरवाल्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांचंही पोट त्यावरच आहे आणि रात्री उशिरापर्यंत ती राबतात. पण मोबाईल हातात असून, मराठी वाचता येत असून, कष्टानं शिकलेली पोरगी जर आपला फॉर्म आपण भरू शकत नसेल, तर अर्जनवीस गेला असं मी कसं म्हणू?

ज्यानं प्रश्न विचारला, त्यानं आपल्याला काय हवं आहे ते तिथेच सांगावं, एवढीच मागणी आहे. हा उपकार नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचं ते पहिलं कर्तव्य आहे.

असो. ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी तिनं फॉर्म स्वतः भरला आणि शिष्यवृत्ती मिळाली. मागच्या आठवड्यात काही कामानं गावातल्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो होतो. काउंटरच्या काचेवर उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स चिकटवलेली दिसली. बारकोडच्या क्रमांकाभोवती लाल पेनानं गोल आणि खाली ठसठशीत अक्षरात, "फॉर्ममध्ये हा नंबर टाका." अक्षर ओळखीचं वाटलं. सेंटरवाला म्हणाला, "तुमच्या शेजारच्या ताईनं लावलंय सर. आता रोज तेच ते सांगावं लागत नाही."

मी काही बोललो नाही. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

तुमचा असा अनुभव असेल तर जरूर लिहा. आणि पुण्या-मुंबईत, परदेशात संकेतस्थळं करणारे आमच्या घरातले जे कोणी हे वाचत असतील, त्यांना एकच सांगणं: बाळांनो, एकदा खुर्ची सोडा आणि बाकांमधून फिरा.